दोन सूत

ताईच्या डिप्लोमाला घेतलेला कॉम्प्युटर.
ताई धारवाडला नांदायला गेली, हा वडगावातच राहिला,
पॉवरचं बटण आत गेलेला,
उदबत्तीच्या काडीनं टोचून उठवायचा.

गेम चालायचा, पण धुक्यातून.
शंभर पावलांपुढं जग संपायचं,
झाडं हातभरावर आल्यावर उगवायची
आणि शत्रू तर
गोळी लागल्यानंतर दिसायचा.

मग गोकाकचा एकजण भेटला, वीरेश कमतगी,
जुनं कार्ड विकणारा.
सीबीटीला, गोकाक गाडी लागते तिथं,
कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात, बनियनच्या फडक्यात गुंडाळून
त्यानं ते दिलं, मांजराचं पिल्लू द्यावं तसं.
मी म्हटलं, कडिमी माडरि.
तो म्हणाला, परवडत न्हाई ओ.
असे एकमेकांच्या भाषेत घासाघीस करत
आम्ही पाच हजार दोनशेवर थांबलो.
वरचे दोनशे मी दहा-दहाच्या नोटांत मोजले.

घरी झाकण काढलं.
आत नऊ वर्षांचा कापूस,
शेजारच्या मागांवरून उडालेला,
फॅनच्या पात्यांना, रॅमच्या खाचांना,
कुणा अनोळखी बाईच्या काठाचा मोरपंखी रंग.
ब्रशनं झाडताना वाटलं,
इतकी वर्षं हा गुपचूप लुगडं विणत होता.

कार्ड बसंना.
स्लॉटपर्यंत जायचं आणि शेपूट
हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडायचं.
उलटं धरलं, तिरकं धरलं,
वीरेशला शिव्या दिल्या, मग स्वतःला.

बाबा उद्यमबागेतून आले.
"काय करूलालास?"
सांगितलं. त्यांनी चहा बाजूला ठेवला,
खिशातनं व्हर्नियर काढला, दुसरे लोक पेन काढतात तसा,
डोळे बारीक केले.
"दोन सूत कमी पडूलालंय.
एवढंच की."

हॅकसॉ आला, कानस आली.
मदरबोर्डला जुनी चादर गुंडाळली, न्हावी गुंडाळतो तशी,
कीस आत पडू नये म्हणून.
पिंजऱ्याचा कोपरा कापला,
आणि कापल्यावर कानसून गुळगुळीत केला
जिथं कुणाचा हात कधीच लागणार नाही तिथं.

चालू केलं. पडदा काळा.
एक लांब भोंगा, दोन आखूड.
"आमच्यात असा वाजला तर सगळे बाहेर पळतात," बाबा म्हणाले
आणि जागचे हलले नाहीत.
कार्ड काढलं. सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला,
चुकलेली बेरीज पुसतात तसा, हलका,
परत दाबलं, टक् ऐकू येईपर्यंत.

उजेड.

धुकं नव्हतं. दीड वर्ष मी ज्या पडक्या कारखान्यात लपायचो
त्याच्या मागं नदी होती.
नदी! मला ठाऊकच नव्हतं.
पलीकडं डोंगर, डोंगरावर खांब, खांबांवर तारा,
गवताचं एकेक पातं आपापलं हलणारं.
मी बंदूक खाली केली आणि बघत राहिलो.
मागून कुणीतरी मला मारलं.
मारू दे.

बाबा खुर्चीच्या पाठीवर वाकले.
वाटलं, नदीबद्दल काही बोलतील.
"आत जा. त्या कोपऱ्यात. मशीन हाय ते."
गेलो. गंजलेली लेथ,
कुणा चित्रकारानं उगाच फिरती ठेवलेली.
बाबा बराच वेळ बघत होते.
"चक उलटा फिरूलालाय.
असा जॉब धरला तर हात जाईल माणसाचा."
त्यांच्या डाव्या अंगठ्याशेजारी
अर्धंच बोट आहे.
ते त्यांनी पडद्यावर टेकवलं,
नेमकं कुठं ते दाखवायला.

रात्री कार्डाचा पंखा कुरकुरू लागला.
त्यांनी कान लावला. बेअरिंग कोरडं.
आईच्या शिलाई मशीनचं तेल, सुईच्या टोकानं, एक थेंब.
मग हात पुसत, दारातून,
"उद्या लावशील तेव्हा मला हाक मार.
आणि ती लेथ बंद कुठनं करायची
तेवढं शोधून ठेव."